पायाळूचा घोव

माझी बायको पायाळू आहे. म्हणजे जन्मताना ती डोक्याने न येता पायांनी आली. तिची आई सांगायची, पोर घाईत होती, तिला आल्या आल्या चालायलाच लागायचं होतं. आमच्या मालवण भागात अशा माणसाच्या पायाला मान असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक आली, की त्याने पायाळूच्या दारात जाऊन पालथं पडायचं आणि पायाळूने दुखऱ्या जागी हळूच पाय लावायचा. औषध नाही, पाणी नाही. भातलावणीच्या दिवसांत सकाळच्या पारी आमच्या खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, कोण ना कोण पालथं पडलेलं असायचंच. शेजारची हौसाबाई तर हक्काची. आमचे पाद्री एकदा काळोख पडताना मागच्या दाराने आले, "फेलिसिदाद, हे काय खरं नसतं," म्हणाले, आणि पालथे पडले.

मी सिप्रियन, या पायाळूचा घोव. नवरा म्हणा. सगळी हयात मालवाहू बोटींवर कुक होतो. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अपशकुन होतो. 'येतो' म्हणतात. मालवणीत 'येतंय'. मीही बॅग उचलली की दारात म्हणायचो, "येतंय गो," आणि जायचो तो पार दुसऱ्या पावसापर्यंत. फेलिसिदाद खळ्याच्या कडेला उभी राहायची. बोटीवर फोन लागला की सांगायची, पोर बरी आसा, माड बरे आसत, हौसाबायची म्हस व्याली. इतरांच्या बायका फोनवर रडायच्या, "कधी येतलास, बेगीन ये" म्हणायच्या. माझ्या बायकोने मला एकदाही 'ये' म्हटलं नाही. मी जेवणाच्या टेबलावर याची बढाई मारायचो. माझी बायको चिऱ्याची आहे म्हणायचो.

रिटायर झालो तेव्हा मी जाहीर केलं, की आता मी हा उंबरठा ओलांडणार तो शवपेटीतूनच. कट्टा गावचा बाजार आणि चर्चमधली रविवारची मिस सोडून कुठे म्हणून जाणार नाही. फेलिसिदाद हसली. दोन वर्षं आम्ही दोघं राजाराणीसारखी राहिलो. मग आमच्या रिशेलला कॅनडात मूल व्हायचं झालं. तिने आणि जावयाने, ॲल्स्टनने, आम्हा दोघांचाही विसा काढून ठेवला. लांबलचक, कित्येक वर्षांचा. मी म्हटलं, माड कोण बघणार? तुझ्या आईला ने. मोपाच्या विमानतळावर फेलिसिदादने नवे बूट घातले होते, ते तिला चावत होते. आत शिरताना मागे वळून म्हणाली, "येतंय हां."

ज्युड झाला. छान गुबगुबीत झाला. फेलिसिदाद कार्निव्हालला येणार होती, ती ईस्टरला येणार झाली. ईस्टरला ॲल्स्टनला रात्रपाळी लागली. मग पाऊस सरल्यावर. रिशेलची नोकरी, पोराचे दात, तिथली थंडी, काही ना काही निघायचंच. मी फोनवर "बरां, बरां" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटायचो. एका माणसाचा भात मला करता येत नाही. पंचवीस माणसांचा येतो.

ती नसताना मला कळलं, की घराला आवाज असतो. बाकाखाली तिची घरातली चप्पल तशीच होती. केर काढताना मी ती उचलायचो आणि पुन्हा तिथेच ठेवायचो. हौसाबाई एकदा कमरेवर हात ठेवून, वाकडी चालत खळ्यापर्यंत आली. रिकाम्या खळ्याकडे बघत उभी राहिली.

"कधी येतली रे ती?"

"येतली."

"येतली, येतली. तोपर्यंत माझी कंबर वैकुंठाक जातली," म्हणाली आणि वाकडीच परत गेली. तिच्या कमरेत उसण होती. माझी नेमकी कुठे होती, ते मला तिला दाखवता आलं नसतं.

मे महिन्यात वाडीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदीन होतं. खुरसापुढे सगळ्यांनी मिळून प्रार्थना गायची, मग उकडलेले चणे आणि थोडी फेणी. परतताना चिऱ्याच्या पायरीवरून माझा उजवा पाय आत वळला. कट् असा आवाज झाला. लोकांनी फेणीला दोष दिला. खरं तर मी पायरीकडे बघतच नव्हतो. दरवर्षी ती पायरी उतरताना फेलिसिदाद माझा दंड धरते. मी सवयीने दंड पुढे केला होता.

घोटा भोपळ्यासारखा सुजला. मी त्याला कडकडीत शेक दिला, आंबेहळद थापली आणि कॅनडाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. फेलिसिदादने घोटा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"खंय दुखता, दाखय."

"हंय. भायरच्या अंगाक."

"फोन थंय लाय."

मी फोन घोट्याला लावला. तिने तिकडे मोजा काढला आणि स्वतःच्या फोनच्या काचेला पाय लावला. एकदा, दोनदा, तीनदा. समुद्रापलीकडून, व्हॉट्सॲपवर. मला गार काच लागली. पण तुम्हाला सांगतो, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी माडाला पाणी घालायला गेलो आणि घोटा पुन्हा वळला.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तसं झालं. पावसाळाभर तो पाय मला दगा देत राहिला. सूज उतरली, पण सपाट जमिनीवर चालतानासुद्धा मधेच वळायचा. मी फोनवर सांगितलं, "पाय काय बरो जायना नाय गो." आणि फेलिसिदाद म्हणाली, "थांब, मी नाताळाक येतंय. येवन पाय लायतंय."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती असं ठाम बोलली. मी फोन ठेवला आणि माझ्या दुखऱ्या घोट्याकडे प्रेमाने बघितलं. मी आजारी नव्हतो, म्हातारा म्हणावा तर धडधाकट होतो, तिला बोलवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हा एक घोटा होता. त्याला मी जपायचं ठरवलं.

पण पोरगी कोणाची? रिशेलने तिकडून परस्पर फोन केला. कट्ट्याला बस थांब्याजवळ, दुकानांच्या वर तिची शाळेतली मैत्रीण दिव्या फिजिओथेरपी करते, तिच्याकडे वेळ ठरवली आणि महादूची रिक्षा दारात पाठवली. मी गेलो, पण बरं व्हायला नाही. हे असल्या व्यायामांनी होणारं काम नव्हे, पायाळूच पाहिजे, असं सिद्ध करायला गेलो.

"नमस्कार, या बसा. काय त्रास होतोय?" दिव्याने डॉक्टरी मराठीत सुरुवात केली.

"घोटो दुखता गो बाय. उसण ती. तुज्यान काय होवचा नाय."

ती हसली आणि तिचीही मराठी खाली उतरली. "बघूया तर, अंकल."

तिने घोट्याभोवतीची हाडं एकेक करून दाबली. मुरगळल्यावर लगेच पाऊल टाकता आलं होतं का, सकाळी उठल्यावर पाय आखडतो का, रात्री अंगठा लाल होऊन ठणकतो का, असं वकिलासारखं विचारलं. मला घोटा दुखण्याचं एकच कारण माहीत होतं, उसण. तिच्याकडे मासळीबाजाराइतकी निघाली. कोणाचे तळवे सपाट, कोणाचा सांधा झिजलेला, कोणाची टाचेमागची जाड शीर आखडलेली, कोणाच्या रक्तात युरिक ॲसिड. जुनं न कळलेलं फ्रॅक्चरही असतं, म्हणून तिने एक्स-रे काढून आणायला लावला. तो चांगला निघाला.

"तुमचो साधो मुरगळलेलो पाय, अंकल. पण पुरतो बरो कोणी केल्यान नाय. घोट्याच्या भायरच्या बाजूक जे दोर आसतत हाडांक बांधून ठेवणारे, ते ताणले आनी ढिले रवले. पयल्या दिवशी शेक दिलास?"

"कडकडीत."

"थंयच चुकला. तेवां बर्फ, आनी पाय उशी घालून वर. शेक मागसून." मग तिने विचारलं, "आनी काय केलास?"

मी व्हॉट्सॲपचं सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारीत होतो. ती हसलीच, चांगली तोंडावर ओढणी धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "बरां वाटलां?"

"वाटलां."

"वाटतलाच. पण दोर घट्ट जावक नाय ना. उभे रवा. उजव्या पायार. आता डोळे मिटा."

मी डोळे मिटले आणि थेट तिच्या टेबलावर कोसळलो.

"बघलास? दुखणां एक, पण तुमच्या पायाक जमीन खंय आसा ताच कळना नाय. म्हणान तो परत परत वळता. तेका परत शिकवक व्हया."

"अगो, मी आख्खो जन्म डुलणाऱ्या बोटीर उभो रवलंय!"

"बोट गेली, अंकल. आता तुमची जमीन डुलता."

पोरगी घोट्याबद्दल बोलत होती. तिला काय माहीत!

तिने व्यायाम दिले. भिंतीला हात लावून टाच जमिनीला टेकवायची आणि पोटरी ताणायची. पायाला रबरी पट्टा अडकवून चारी दिशांना ओढायचं. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. स्वयंपाकाच्या ओट्याला बोट टेकून एका पायावर उभं राहायचं, मग बोट न टेकता. आणि खुर्चीत बसून, पाय उचलून, अंगठ्याने हवेत एबीसीडी काढायची.

"माका मराठी लिवलेली चलता?"

"उलट बरी. आपल्या अक्षरांक वळणां जास्त." मग दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "नीट करा. नाताळापर्यंत तुमका एका पायार तयार करतंय."

"कित्याक तयार?"

"ता तुमी ठरवा."

व्यायाम करायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. पण दुपारी करण्यासारखं दुसरं काय होतं? मी व्हरांड्यात बसून हवेत क काढला, ख काढला. ग काढेपर्यंत कंटाळलो. मग सहज फेलिसिदाद काढलं. एका नावात एक मात्रा, दोन वेलांट्या. 'सि'च्या वेलांटीला घोटा कळवळायचा, कारण दुखरं वळण नेमकं तेच होतं. मी ते रोज काढू लागलो. आधी अक्षरं पडवीच्या खांबाएवढी वेडीवाकडी यायची, नंतर लहान झाली, गोल झाली. हवेत लिहिलेलं कोणाला दिसत नाही ही मोठी सोय. तिला कधी लिहिलं नसतं इतक्या वेळा मी तिचं नाव पायाने लिहिलं.

आणि मला न विचारता घोटा बरा होऊ लागला.

आधी सकाळची कळ गेली. मग मी माडांमधून फिरून आलो आणि पाय वळला नाही. मी खुश व्हायला हवं होतं. मी घाबरलो. पाय बरा झाला तर ती कशाला येईल? फोनवर मी कण्हायचो. फोन लावायच्या आधी घोट्याला फडकं गुंडाळायचो आणि खोलीत लंगडत फिरून दाखवायचो. दिव्यालाही सांगायचो, दुखता. तिने एकदा दाबलं तेव्हा मी जोरात ओरडलो.

"अंकल," ती म्हणाली, "गेल्या येळेक दुखणां भायरच्या बाजूक होता. आज आतल्या बाजूक कसा इला?"

"चालत इला," मी म्हटलं. तिने पट्टा बदलून जास्त कडक दिला.

नाताळ जवळ आला. मी घराला रंग दिला. नक्षत्राचा आकाशकंदील माळ्यावरून उतरवला. कट्ट्याला गेलो की बाजारात सगळ्यांना सांगायचो, फेलिसिदाद येतली. हौसाबाईने तर कमरेत काही नसताना आगाऊ नंबर लावून ठेवला. तिकीट काढलं का, हे मात्र मी फोनवर विचारत नव्हतो. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

एका संध्याकाळी मी फोन टेबलावर तांब्याला टेकवून, पडवीच्या उघड्या दाराकडे पाठ करून बोलत होतो. तिकडे फेलिसिदादच्या मांडीवर ज्युड बसला होता. बाहेर बर्फ. ओट्यावर मी बांगडे मीठमसाला लावून ठेवले होते. बोलता बोलता मला दिसलं, हौसाबाईचं ते बोक्याचं कार्टं ओट्यावर चढलंय आणि त्याच्या तोंडात आख्खा बांगडा आहे.

"अरे भोसडीच्या!" मी ओरडलो आणि झेप घेतली. बोका खिडकीतून पडवीत, पडवीतून खळ्यात. मी त्याच्यामागे. पडवीच्या पायऱ्या मी एका उडीत उतरलो, माडाला वळसा घातला, कुंपणापर्यंत धावलो. बांगडा गेलाच. मी शिव्या देत परत आलो आणि उंबरठ्यावर मला लंगडायची आठवण झाली.

लंगडत येऊन फोनसमोर बसलो. ज्युड टाळ्या वाजवत होता. फेलिसिदाद हसत नव्हती.

"सिप्रू, तुझो खंयचो पाय दुखता?"

"उजवो."

"आता डाव्या पायान लंगडत इलंस."

मी दोन्ही पाय टेबलाखाली घेतले.

"बरो झालो मा?"

"झालो."

ती खाली बघत राहिली. ज्युडच्या मोज्याशी चाळा करत राहिली. मला कळत होतं, तिने नाताळाला यायचं जे एकमेव कारण होतं, ते मी आत्ता तिच्यासमोर कुंपणापर्यंत धावत नेऊन घालवलं होतं. बांगड्यासकट.

"तिकीट काढलंस?" शेवटी मी विचारलंच.

"रिशेलीक सुट्टी नाय. ॲल्स्टनाक परत रात्रपाळी. ह्या पोराक कोणाकडे ठेवू? हेका दुसऱ्या कोणाकडे रवाची सवयच नाय. माझो पाय निघना नाय रे हंयसून." तिने ज्युडला जवळ ओढलं. "आनी थंय तुझो पाय. माका रात रात झोप नाय, हेका सोडू की तुका."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, आणि या दोन्हींच्या मधून तोंडातून निघून गेलं, "माका तुझो पाय लावन घेवचो नव्हतो गो. माका तू व्हयी होतंस."

आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हे वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं. ज्या माणसाला नऊ महिने दूर राहायचंय, त्याला असली वाक्यं परवडत नाहीत. फेलिसिदादने ज्युडला खाली ठेवलं, पदराने नाक पुसलं. पदर नव्हता, स्वेटरची बाही होती.

"कसो बरो केल्यान त्या चेडवान तुझो पाय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. उठून एका पायावर उभा राहून दाखवलं. पट्टा दाखवला. मग बसून अंगठ्याने हवेत अक्षरं काढून दाखवली.

"काय लिवलंस ता?"

"तुझा नाव."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पाय खाली घेतला.

"थांब, माका बघूया जमता काय," म्हणाली. तिने फोन कशाला तरी टेकवला, खुर्ची मागे सरकवली आणि लोकरीचा मोजा काढला. कितीतरी महिन्यांनी मी तो पाय नीट बघितला. टाचेला भेगा, करंगळी जराशी आत वळलेली. अख्ख्या वाडीची कंबर ज्या पायाने सरळ केली, तो पाय परक्या देशातल्या थंडीने पांढराफटक पडला होता. तिने तो उचलला आणि अंगठा हळूहळू हवेत फिरवला.

एक उभी रेघ, तिला पोट. य. वर एक तिरकी मात्रा. ये.

मी पुढचं अक्षर मनात आधीच वाचून टाकलं होतं. येतंय. ती येतंय लिहीत होती! मी तांब्यासकट फोन जवळ ओढला आणि 'तं'ची वाट बघत राहिलो.

पाय खाली गेला. तिने मोजा चढवला.

"फुडचा अक्षर?" मी विचारलं.

"फुडे काय नाय," फेलिसिदाद म्हणाली. "तितक्याच."

ती माझ्याकडे बघत होती. पाठीमागे खिडकीत बर्फ पडत होता आणि ज्युड तिचा दुसरा मोजा ओढत होता. जन्मभर मी ज्या शब्दाची बढाई मारली, की ही मला तो कधी म्हणाली नाही, तो तिने एवढी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. आता तो माझ्यासमोर हवेत लिहिलेला होता आणि मला सोडून कोणी वाचलेला नव्हता.

मी उठलो. ओट्याजवळ गेलो, कारण उभं राहायची सवय तिथेच लागली होती. डावा पाय आपोआप वर उचलला गेला. उजव्यावर उभा राहिलो, ओट्याला बोटसुद्धा न टेकता. माड महादू बघील, असं मनात आलं. मांजर बांगडे खाईल, खाऊ दे.

"येतंय गो," मी म्हटलं.